आखूड हौदा

दौंडात रेल्वे कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर जाऊन "विल्यम डेंटर कुठं बसतो?" असं विचारलं, तर लोक उलट विचारतात, "काम घाईचं आहे का?" घाईचं असेल तर ते बिनदिक्कत दुसऱ्याचं नाव सांगतात. विल्यम लोंढेला घाई ठाऊक नाही. पत्र्याच्या बाबतीत नाही, आणि माणसांच्या बाबतीत तर मुळीच नाही. कुणी दुखावलं तर तो भांडत नाही, शिवी देत नाही, चारचौघांत बोलून दाखवत नाही. तो ते ठेवून देतो. आपल्याकडे त्याला डूख धरणं म्हणतात. जॉन्सन रणभिसे यांच्यावरचा डूख त्यानं तीस वर्षं धरला होता, आणि एक दिवसही त्याला गंज चढू दिला नव्हता.

विल्यम मूळचा शिरूरच्या मिशन कंपाउंडातला. तरुणपणी तो चर्चच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गाडी म्हणजे एकोणसत्तर सालचा छोटा पिकअप: पुढं दोन-तीन माणसांची केबिन आणि मागं उघडा हौदा. रविवारी त्यातून लांबच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्या उपासनेला यायच्या, नाताळात पोरं गाणी म्हणत गावभर हिंडायची, आणि चर्चच्या मंडळीतलं कुणी वारलं की पेटी त्याच हौद्यातून कबरस्थानात जायची. कबरस्थान गावाबाहेर, अडीच किलोमीटरवर. "मिशनच्या गाडीतून जाणं" म्हणजे मानानं जाणं, असं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात पक्कं होतं. विल्यमची आई दयाबाई तर म्हणायची, "जिवंतपणी कवा पुढं बसाया मिळालं न्हाई, मेल्यावर तरी आख्खी गाडी माझी."

चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलात बौद्ध वस्तीतला बबनराव त्याच्याकडे आला. जयंतीच्या मिरवणुकीसाठी ठरवलेली गाडी ऐन वेळी बंद पडली होती. बबनराव आणि विल्यम लहानपणापासूनचे दोस्त. शिवाय दोघांचे पणजे एकाच बापाचे. एकाच्या घरी येशू आला आणि दुसऱ्याच्या घरी पुढं बुद्ध आला, एवढाच काय तो फरक. विल्यमनं कुणाला न विचारता पिकअप नेला, हौद्यात फोटो आणि कर्णे चढवले आणि संध्याकाळी गाडी धुऊन परत जागेवर लावली.

जॉन्सन सर त्या वेळी मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. सहा फूट दोन इंच उंची, पांढरा शर्ट, आवाज असा की बोलताना समोरच्याच्या पाठीला घाम यावा. त्यांनी रविवारी भर उपासनेत विल्यमला उभं केलं. देवाच्या कामाची गाडी विनापरवाना दुसऱ्यांच्या मिरवणुकीला नेली, म्हणून नोकरी गेली आणि मंडळीच्या यादीतून नावही गेलं. विल्यमनं किल्ली टेबलावर ठेवली आणि तो बाहेर पडला.

तेवढ्यावर भागलं असतं तर तो कदाचित विसरलाही असता. पण चारच महिन्यांनी दयाबाई गेली. विल्यम अनवाणी सरांच्या दारात गेला आणि आयुष्यात एकदाच त्यानं त्या माणसापुढं हात जोडले.

"सर, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. आईचं नाव तर यादीत हाय ना? तिच्यापुरती गाडी द्या."

"घर एक, शिस्त एक," सर दारातूनच म्हणाले. "आज तुला सूट दिली, तर उद्या सगळे मागतील."

गाडी कंपाउंडात कडुनिंबाखाली उभी होती. विल्यमला ती दारातून दिसत होती. मंडळीतले लोक घरी येऊन रडून गेले, पण खांदा द्यायला थांबेनात. कुणाची बायको शाळेत शिपाई, तर कुणाचं घर मिशनच्या क्वार्टरमध्ये; सरांशी वाकडं घेणार कोण? चार खांदे काही पुरे झाले नाहीत. शेवटी बबनरावानं बाजारातून भाजीची हातगाडी आणली. त्या हातगाडीवर मेथीच्या काड्या तशाच चिकटलेल्या होत्या. अडीच किलोमीटर विल्यम पुढून ओढत होता आणि बबनराव मागून ढकलत होता.

महिन्याभरात बायको ग्रेसला घेऊन विल्यमनं शिरूर सोडलं. दौंडात एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली तो पत्र्याचं काम शिकला आणि पुढं त्यानं स्वतःची शेड टाकली. मिळत नसलेला पत्रा हातोडीनं घडवून बसवावा तर विल्यमनंच, असं नाव झालं. जुन्या गाड्यांचे शौकीन पुण्याहून त्याच्याकडे येऊ लागले. फटीच्या बाबतीत त्याच्यासारखा हट्टी माणूस नव्हता. दरवाजा आणि केबिनमधली फट, बॉनेट आणि मडगार्डमधली फट, वरपासून खालपर्यंत एकसारखी पाहिजे. हॅक्सॉची दोन जुनी पाती एकत्र धरून तो ती फटीतून फिरवायचा; पाती कुठं अडली किंवा ढिली पडली, की पत्रा परत खाली.

आणि मग दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत, एका क्रेनच्या मागं लटकत, मिशनचा तो पिकअप त्याच्या दारात आला.

मागून मोटार आली. त्यातून काठी टेकत जॉन्सन सर उतरले. वय ब्याऐंशी, पण ताठ. बरोबर त्यांची नात ब्लेसी होती. ती सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला होती आणि तिच्या पर्समध्ये कंगव्याऐवजी स्टीलचा टेप असायचा.

"ओळखलंस का विल्यम?" सर म्हणाले. "चर्चला पुढल्या वर्षी मोठी जुबिली आहे. गाडी पहिल्यासारखी करायची. सगळे म्हणतात, हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"ओळखलं," विल्यम म्हणाला. तो गाडीकडे बघत होता.

"जुनं मनात धरू नकोस. तू चुकलास, आम्ही शिक्षा केली, विषय संपला. आम्ही मोठ्या मनानं काम तुझ्याकडेच आणलंय की नाही?"

मोठं मन! सरांच्या तोंडून आईचं नाव आलं असतं, नुसतं "दयाबाईचं वाईट झालं" एवढं आलं असतं, तर हा माणूस कदाचित तिथंच विरघळला असता. पण नाही. सरांनी काठीनं मडगार्डवर दोनदा टकटक केलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"सहा महिने लागतील," विल्यम म्हणाला. त्याच क्षणी त्याच्या मनात सगळं ठरून गेलं होतं. बोलता बोलता त्यानं सरांना दरवाजाजवळ उभं राहायला सांगितलं, "जरा हात लावा सर, ही बिजागरी बघा," असं म्हणत डोळ्यानंच त्यांची उंची केबिनच्या टपाशी ताडून पाहिली. सहा दोन. त्यात सुताराची चार-पाच बोटं. म्हणजे साडेसहा फुटांची पेटी.

काम सुरू झालं. गाडीत चासी सोडली तर धड काहीच नव्हतं. दरवाजांची खालची कड गंजून तिची पेंड झाली होती, मडगार्ड चाळणी, आणि हौदा तर नावालाच. विल्यमनं एकेक पत्रा उतरवला, कागदावर त्याचा आकार काढला आणि नवा घडवला. नवखे डेंटर गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून पत्रे बसवतात. फटी छान दिसतात, पण गाडी चाकांवर उतरली आणि वजन पडलं की चासी किंचित वाकते आणि दरवाजे अडतात. विल्यमनं गाडी आधी चाकांवर उभी केली, मागं वाळूची पोती टाकली, दोन दिवस तिला तशीच बसू दिली आणि मगच दरवाजे टांगले. दरवाजा लावला की असा आवाज यायचा, जसं जाड पुस्तक कुणी हळूच मिटलं. वैऱ्याचं काम होतं, पण दरवाजे, बॉनेट, मडगार्ड यांत त्यानं केसभर खोट ठेवली नाही. खोट एकाच ठिकाणी ठेवायची, तर बाकी सगळं निर्दोष पाहिजे, हे त्याला पक्कं कळत होतं.

खोट हौद्यात होती. बाहेरून हौदा मुळाइतकाच लांब दिसत होता. पण केबिनच्या मागं विल्यमनं आतून दुसरी भिंत उभी केली आणि मधल्या पोकळीत स्टेपनी उभी ठेवली. साडेसहा फुटांचा हौदा आतून साडेपाचाचा झाला. तळाला पूर्वी लाकडी पट्ट्या असायच्या. त्या त्यानं गाळल्या आणि पत्र्याला आरशासारखा गुळगुळीत रंग मारला. वर फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, असा बसवला की उघडला की सरळ खाली लोंबावा, ओझ्याला आधार देऊ नये. कमिटीकडे गाडीचा एकच फोटो होता आणि तोही समोरून काढलेला. मागचं कुणाला काय आठवणार?

त्याच्या डोळ्यांपुढं ते चित्र रोज यायचं. सरांची पेटी हौद्यात चढली आहे आणि फूटभर बाहेर लोंबते आहे. लोक दोर शोधत आहेत. भाड्याच्या टेम्पोत कपाट बांधावं तसं सरांना करकचून बांधलंय, आणि अख्खं शिरूर बघतंय. बांधा, बांधा! मेथीच्या काड्या नसल्या तरी चालतील.

ग्रेसला मात्र आठवत होतं. ती एकदा डबा द्यायला आली, हौद्यात चढून आडवी झाली आणि पाय लांब करायला गेली तर ते फाळक्याला टेकले.

"अहो, लहानपणी आम्ही पोरी यात आडव्या झोपून जायचो पिकनिकला. ही आखूड कशी झाली?"

"स्टेपनीला जागा केली."

ग्रेसनं भिंतीवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला. मग तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात बाईला टेप लागत नाही.

"सूड देवावर सोडायचा असतो," ती हळूच म्हणाली.

"देवाला डेंटिंग येत न्हाई," विल्यम म्हणाला आणि त्यानं हातोडी उचलली.

गाडी न्यायच्या दिवशी ब्लेसी टेप घेऊन आली. विल्यम हौद्याला पाठ लावून उभा राहिला. तिनं दोन्ही दरवाजांच्या फटी वर, मध्ये, खाली मोजल्या, बॉनेटच्या मोजल्या, आणि ती उठून उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"काका, सगळीकडे साडेतीन मिलिमीटर! आमच्या कंपनीत मशीनला जमत नाही हे."

"हौदा न्हाई मोजला?" विल्यमच्या तोंडून निघून गेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"ड्रॉइंगच नाही, तर कशाशी ताडून बघणार?" ती हसली. "तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार."

जुबिलीत गाडीचं फार कौतुक झालं. विल्यमलाही बोलावलं होतं, तो गेला नाही. त्याचं काम आता फक्त थांबायचं होतं, आणि त्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. दर रविवारी तो शिरूरला बबनरावाला फोन करायचा.

"कसा हाय?"

"ठणठणीत. आज उभ्यानं प्रार्थना केली म्हणं."

"बरं."

"विल्या, आन् तूच आधी गेलास तर रं? तूबी काय बुटका न्हाईस."

"मला हातगाडीवर न्या."

मध्ये एकदा बेत फसायची वेळ आली. मिशन दवाखान्यातली जुनी नर्स ताईबाई वारली. गाडीतून पहिलीच पेटी जाणार होती. आत्ताच बिंग फुटलं तर सगळंच मुसळ केरात. पण ताईबाई होती पावणेपाच फूट. तिची पेटी हौद्यात अलगद बसली, फाळका लागला, आणि चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीपुढं विल्यमचं नाव घेऊन त्याचे आभार मानले. बबनरावानं हे सांगितलं तेव्हा विल्यम त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवला.

चोवीस सालच्या डिसेंबरात, सकाळी आठला, फोन वाजला. रविवार नव्हता.

"गेला," बबनराव म्हणाला. "चार वाजता माती हाय."

विल्यमनं दाढी केली, पांढरा शर्ट घातला. ग्रेस निघाली नाही. "मला नाही बघायचं ते," एवढंच ती म्हणाली. तो एकटाच एसटीनं शिरूरला गेला आणि कंपाउंडाच्या फाटकाजवळ, सगळं नीट दिसेल अशा जागी, उभा राहिला. गर्दी बरीच होती. सरांचे जुने विद्यार्थी, गावातले व्यापारी, आणि बबनरावाबरोबर बौद्ध वस्तीतली पंधरावीस माणसं.

"तुम्ही कशाला आलात?" विल्यमनं विचारलं.

"आमच्या पोराला, सम्राटला, दहावीला गणित त्यानंच शिकवलं व्हतं, फुकट. माणूस खडूस व्हता, पर व्हता." बबनरावानं खांदे उडवले. "आन् मेल्यावर कसलं वैर?"

पेटी आली. लांबच लांब. सहा माणसांनी ती हौद्याकडे नेली आणि आत सरकवली. भिंतीला जाऊन ती ठप्प लागली आणि चांगली फूटभर बाहेर राहिली. कुणी म्हणालं, आणखी ढकला. कुणी म्हणालं, तिरपी करा. तिरपी केली, तर एक कोपरा कडेवर चढला. फाळका लोंबतच होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तीस वर्षं विल्यम याच क्षणासाठी जगत होता, आणि क्षण अगदी त्याच्या मापाचा निघाला.

ड्रायव्हरनं तशीच हळू गाडी काढली. फाटकाच्या चढावर पुढचं चाक चढलं, गाडी मागं झुकली, आणि गुळगुळीत पत्र्यावरून पेटी सर्रकन मागं आली. बायका किंचाळल्या. दहा हात धावले म्हणून ती पडली नाही.

"दोर आणा!" कुणीतरी ओरडलं.

'आणा,' विल्यम मनात म्हणाला. 'आणा लवकर.'

एक पोरगा नायलॉनचा पिवळा दोर घेऊन आलाही. पण पाळकसाहेब पुढं झाले. "नको. माणसाला असं सामानासारखं बांधायचं नाही. गाडी राहू द्या. उचला."

"अडीच किलोमीटर हाय, साहेब," कुणी म्हणालं.

"मग काय झालं?" हा आवाज सम्राटचा. त्यानं बाह्या वर केल्या. "आळीपाळीनं नेऊ की!"

आणि पेटी वर आली. एका झटक्यात, पाण्यातून वर यावी तशी. चार खांदे हवे होते तिथं चाळीस पुढं आले. मिशनमधले आले, वस्तीवरचे आले, बाजारपेठेतले आले. गाडी फाटकातच राहिली. विल्यम करायला गेला काय आणि झालं काय! ज्या माणसाला त्यानं दोरानं बांधायचं ठरवलं होतं, त्याला गाव डोक्याच्या वर उचलून घेऊन निघालं होतं.

चार पावलं गेली नाहीत तोच पेटी डुगडुगली. पुढच्या उजव्या कोपऱ्याला बुटका माणूस होता; तो कोपरा खाली आणि बाकीचे वर.

"तिथं उंच माणूस घ्या," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांची नजर फाटकाजवळच्या विल्यमवर गेली. "लोंढे, तुम्ही या."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ब्लेसी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी म्हणाली, "या ना, काका."

नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं तर हौदा उघडा पडला असता. विल्यम गेला. कोपरा त्याच्या खांद्यावर आला आणि पेटी एकदम समतल झाली, जणू त्याच मापानं बनवलेली. लोक चालू लागले.

ब्लेसी त्याच्या शेजारून चालत होती. कंपाउंड मागं पडल्यावर ती म्हणाली, "काका, गाडीचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळे आज चांगलंच झालं. आजोबांना फार भीती होती, ठाऊक आहे? म्हणायचे, मी सगळ्यांना तोडून बोललो, कित्येकांना दुखावलं. मला कोण खांदा देणार? म्हणून तर त्या गाडीच्या मागे लागले होते. गाडी नाही म्हणत नाही, असं म्हणायचे."

विल्यमच्या पायाखालचा रस्ता तोच होता. याच रस्त्यानं त्यानं हातगाडी ओढली होती. चार खांदे मिळाले नव्हते म्हणून. आणि ज्यानं ते मिळू दिले नाहीत, त्याच्या आयुष्यातली एकुलती एक भीती विल्यमनं स्वतःच्या हातानं, वेल्डिंगचे टाके मारून, रंग देऊन, कायमची मिटवली होती. त्याला ओरडावंसं वाटलं. पेटी सोडून द्यावीशी वाटली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि बघणाऱ्यांना वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस!

अर्ध्या वाटेवर माणसं बदलली. बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांना नवे खांदे लागले. सम्राट विल्यमजवळ आला.

"काका, सोडा आता. तुम्ही थकला. मी घेतो."

"हट," विल्यम म्हणाला.

"अवो, अजून किलोमीटरभर हाय."

"असू दे." त्यानं पेटीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "ह्याला मातीत मीच घालणार."

सम्राट बाजूला झाला. त्यानं मागच्यांना हळूच सांगितलं की काकांच्या मनाला फार लागलंय, त्यांना नेऊ द्या. आणि विल्यम लोंढे, दात आवळून, एकदाही खांदा न बदलता, जॉन्सन सरांना कबरस्थानापर्यंत घेऊन गेला.